डिजिटलसाठी बनवलेली लार्ज फॉरमॅट लेन्स फिल्मवर वापरावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे ४×५ इंची शीट फिल्मचा मोनोरेल कॅमेरा (एका दांड्यावर पुढे लेन्स आणि मागे फिल्म सरकवता येते असा) आहे, सोबत ६×७ आणि ६×९ सेंमीच्या रोल फिल्म बॅक (मागे लावायचे रोलचे डबे) आहेत, आणि बंद होत असलेल्या एका स्टुडिओतून रोडेनस्टॉकची डिजरॉन-डब्ल्यू ७० एमएम एफ ५.६ बऱ्या किमतीत मिळतेय. तुम्ही विचारताय की डिजिटलसाठी ऑप्टिमाइझ केलेली लेन्स फिल्मवर जास्त शार्प येते की उलट बिघडते, आणि ती सेन्सरपुढच्या काचेसाठी करेक्ट केलेली असते त्याचा फिल्मवर त्रास होतो का.

मी बरीच वर्षं इमारती, वाडे, देवळं यांचे फोटो काढतोय, त्यातलं बरंचसं काम ४×५ आणि ६×९ वर झालंय आणि दोन्ही जातीच्या लेन्स फिल्मवर वापरून झाल्यात. माझं मत आधीच सांगतो, तुमचा खरा प्रश्न शार्पनेसचा नाहीच आहे. खरा प्रश्न असा आहे की तुम्ही फिल्मचा केवढा तुकडा वापरणार, किती एफ नंबरवर (लेन्सच्या भोकाचं माप, आकडा मोठा तर भोक लहान) एक्स्पोज करणार, आणि ती फिल्म होल्डरमध्ये (शीट भरायची चपटी पेटी) सपाट बसते का. या तीन गोष्टी ठरल्या की लेन्स घ्यायची की नाही ते आपोआप ठरतं. "डिजिटल" हा शब्द लेन्सवर लिहिलाय म्हणून ती चांगलीही होत नाही आणि वाईटही होत नाही.

आधी इमेज सर्कल, म्हणजे लेन्स फिल्मवर चित्राचं जे वर्तुळ टाकते त्याचा व्यास, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. ४×५ च्या शीटवर प्रत्यक्ष चित्र साधारण ९६ बाय १२० मिमी पडतं, त्याचा कर्ण १५३ मिमी. म्हणजे काहीही मूव्हमेंट (लेन्स किंवा फिल्म वर-खाली, आजूबाजूला सरकवणं) न करता नुसतं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत झाकायला १५३ चं सर्कल हवं. जुनी रोडेनस्टॉक अपो-सिरोनार-एस १५० घेतली तर एफ २२ ला २३१ मिमी मिळतं, श्नायडरची अपो-सिमार १५० घेतली तर २२०. आता डिजिटलवाल्या बघा. डिजरॉन-एस मालिकेतल्या बहुतेक लेन्स ७० मिमीच्या, डिजरॉन-डब्ल्यूच्या ३२, ४०, ५० या ९० मिमीच्या, तुम्हाला मिळतेय ती ७० एमएम १०० मिमीची, श्नायडरची अपो-डिजिटार ६० एक्सएल १२० मिमीची. यातली एकही ४×५ झाकत नाही. त्या मुळात ५४×४० मिमीच्या आसपासच्या सेन्सरसाठी बनल्यात, त्याचा कर्ण ६७ मिमी, त्यावर थोडी शिफ्ट करायला जागा ठेवली की झालं त्यांचं काम.

इथे एक बारकावा आहे. हे आकडे एकाच मापाने मोजलेले नसतात. जुन्या लेन्सचं सर्कल कंपनी एफ २२ ला सांगते, डिजिटलवाल्या लेन्सचं एफ ८ किंवा ११ ला, आणि "इथपर्यंत दर्जा चालेल" ही रेघ डिजिटलसाठी खूप कडक ओढलेली असते. त्यामुळे काही डिजिटल लेन्स लिहिलेल्या आकड्याच्या पुढेही प्रकाश टाकतात, फक्त तिथे चित्र मऊ होत जातं. काही लेन्समध्ये मात्र सर्कलच्या कडेला एकदम काळं होतं, तिथे काही वावच नाही. म्हणून कागदावरचा आकडा एवढ्यावर न थांबता लेन्स कॅमेऱ्यावर चढवा, ज्या एफ नंबरवर फोटो काढणार तिथे ॲपर्चर आणा, ग्राउंड ग्लासच्या (मागची घासलेली काच, जिच्यावर चित्र बघून फोकस करतो) कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे बघा. ॲपर्चरचं भोक पूर्ण दिसलं तर त्या कोपऱ्यात प्रकाश पोचतोय, लिंबाच्या फोडीसारखं कापलेलं दिसलं तर कोपरा गेला. दर्जा मात्र टेस्ट फ्रेम काढूनच कळतो.

मूव्हमेंट्सना किती सर्कल लागतं हे लोक फार कमी धरतात, म्हणून एक उदाहरण आकड्यांनिशी. मुंबईचा राजाबाई टॉवर, २८० फूट, म्हणजे ८५ मीटर. ओव्हल मैदानात समजा १०० मीटरवर उभे आहात, कॅमेरा लेव्हलमध्ये आहे (नाहीतर टॉवर मागे पडतोय असं दिसेल), ४×५ उभं आणि लेन्स ९० एमएम. टॉवर फिल्मवर साधारण ७६ मिमी उंच येणार, वर जरा आकाश धरलं तर चित्राची वरची कड लेन्सच्या मध्यापासून ८० मिमीवर हवी. उभ्या फ्रेमची निम्मी उंची ६० मिमी, म्हणजे २० मिमी राइज (लेन्स वर सरकवणं). वरचा कोपरा मध्यापासून ९३ मिमीवर जातो, सर्कल लागलं १८७ मिमी. सरळ उभ्या टॉवरचा एक साधा फोटो आणि १५३ चे १८७ झाले. ९० एमएमच्या चांगल्या लार्ज फॉरमॅट वाइड लेन्सना यात काही विशेष वाटत नाही, त्या यासाठीच बनल्यात.

तोच फोटो ६×९ वर, उभी फ्रेम, ६० एमएमची अपो-डिजिटार लावून. टॉवर ५१ मिमीचा येतो, वरची कड ५३ वर ठेवली तर राइज ११ मिमी, आणि सर्कल लागतं बरोबर १२० मिमी. म्हणजे काठावर, पण बसतं. तुमच्या ७० एमएमने त्याच जागेवरून ६×९ वर हा फोटो होणार नाही, कारण ६×९ चा नुसता कर्णच १०१ मिमी आहे आणि लेन्स देते १००. सरळ समोरून फ्रेम भरेल, राइज शून्य. ६×७ वर मात्र तिला जागा आहे, कर्ण ९०, आडव्या फ्रेमला साडेसात मिमीपर्यंत राइज मिळतो. घरांच्या आतले फोटो, दोन मजली इमारती, लँडस्केप यांना तेवढा पुरतो. टॉवरला पुरत नाही.

सर्कलच्या बाबतीत एक अपवाद आहे तो माहीत असू द्या. जवळच्या वस्तूंवर फोकस केला की बेलोज (लेन्स आणि फिल्ममधला घड्यांचा भाता) लांबतो आणि सर्कल वाढतं. वस्तू अर्ध्या आकारात फिल्मवर येत असेल तर सर्कल दीडपट, पूर्ण आकारात आली तर दुप्पट. म्हणजे इन्फिनिटीला ११० मिमी देणारी डिजिटल लेन्स अर्ध्या आकाराच्या फोटोत १६५ देते आणि ४×५ झाकते. दागिने, नाणी, ताम्रपट असलं टेबलावरचं काम करणाऱ्यांना हे उपयोगाचं आहे. फक्त लेन्स जवळच्या कामासाठी करेक्ट केलेली आहे का ते बघायचं, लांबच्या फोटोंसाठी बनवलेली लेन्स इतक्या जवळ तेवढी छान चालत नाही.

आता शार्पनेस. डिजिटल लेन्स खरंच जास्त बारकावे देतात, हे खोटं नाही. १५० मेगापिक्सेलच्या डिजिटल बॅकमध्ये पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये रेघांच्या १३३ जोड्या वेगळ्या दाखवायची त्याची क्षमता, त्याला पुरेल अशी लेन्स बनवावीच लागते. आणि ती बनते एफ ५.६ ते ११ मध्ये वापरण्यासाठी, कारण पुढे डिफ्रॅक्शन (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरणं) सगळं खाऊन टाकतं. आदर्श लेन्सची मर्यादा एफ ८ ला साधारण १८६ जोड्या, एफ ११ ला १३५, एफ २२ ला फक्त ६८. ही भौतिकशास्त्राची मर्यादा आहे, लेन्स कितीही महागाची असली तरी एफ २२ ला ६८ च्या वर जाता येत नाही. आणि ४×५ वाले आपण सगळे कुठे काम करतो? एफ २२ ला, कधी ३२ ला, कारण डेप्थ ऑफ फील्ड (जवळचं-लांबचं सगळं शार्प येणं) पाहिजे असते. तिथे जुनी चांगली लेन्स आणि नवी डिजिटल लेन्स जवळजवळ एकाच रांगेत येऊन बसतात.

त्यात फिल्मची स्वतःची मर्यादा. वेल्विया ५० या स्लाइड फिल्मच्या डेटाशीटमध्ये १६० जोड्या लिहिलंय, पण ते काळ्या-पांढऱ्यातल्या १०००:१ इतक्या फरकाला. १.६:१ च्या साध्या फरकाला तीच फिल्म ८० देते. ब्लॅक अँड व्हाइट टी-मॅक्स १०० चं तसंच, २०० आणि ६३. दगडाचा पोत, झाडाची साल, भिंतीचा गिलावा हे सगळं कमी फरकाचंच असतं, म्हणून मी हिशोबाला ८० धरतो. लेन्स आणि फिल्म मिळून किती याचा एक ढोबळ नियम आहे, दोघांचे उलटे आकडे मिळवायचे आणि उत्तर परत उलटं करायचं. समजा एफ ११ ला जुनी लेन्स ६० देते, फिल्म ८०, तर मिळून ३४. डिजिटल लेन्स १०० देते, फिल्म तीच ८०, मिळून ४४. बघा, लेन्स जवळजवळ पावणेदोन पट चांगली, पण फिल्मवर फरक उरला तीस टक्क्यांचा.

हे तीस टक्के प्रिंटवर दिसतात का, ते फॉरमॅटवर अवलंबून आहे. ४×५ वरून १६×२० इंची प्रिंट म्हणजे चौपट मोठं करणं. ३४ भागिले ४, प्रिंटवर साडेआठ जोड्या. हातात धरून वाचण्याच्या अंतरावर डोळ्याला साधारण ५ ते ८ च्या पुढे कळत नाही, म्हणजे जुनी लेन्सच डोळ्याच्या पुढे गेलीय, ४४ चा काही उपयोग नाही. ६×७ वरून तीच प्रिंट सव्वासात पट मोठी होते. तिथे ३४ चे ४.७ होतात आणि ४४ चे ६.१. हा फरक दिसतो. मी अशा दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवून लोकांना दाखवल्यात, कुठली कशाची ते न सांगता, आणि लाकडाच्या रेषा आणि जाळीकाम जिथे आहे तिथे लोक बरोबर डिजिटल लेन्सवाल्या प्रिंटकडे बोट दाखवतात. म्हणून मी म्हणतो की या लेन्सचा फिल्मवरचा खरा फायदा रोल फिल्मला आहे.

स्कॅन करणार असाल तर स्कॅनरही साखळीत येतो. एप्सन व्ही ८५० सारख्या फ्लॅटबेडवर ६४०० डीपीआय लिहिलेलं असलं तरी हाती येतात साधारण २३००, म्हणजे ४५ जोड्या, आणि त्याही फिल्मवर आधीच बारकावा असेल तर त्यातलं आणखी थोडं गमावून. महागाची लेन्स आणि घरचा फ्लॅटबेड ही जोडी मला पटत नाही, निवडक फ्रेम तरी ड्रम स्कॅन करून घ्या किंवा चांगल्या मॅक्रो लेन्सने तुकड्या-तुकड्यात कॅमेरा स्कॅन करा.

आता काचेचा प्रश्न, ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटतेय आणि जो माझ्या मते सगळ्यात छोटा आहे. बादलीच्या तळाशी पडलेलं नाणं वर उचललेलं दिसतं ना, तेच इथे होतं. सेन्सरपुढे काच आणि फिल्टर मिळून समजा २.५ मिमी जाडी असेल, तर फोकस साधारण तिच्या एक तृतीयांश, म्हणजे ०.८ मिमी मागे सरकतो. फिल्मपुढे काच नाही, त्यामुळे तो सरकत नाही. पण तुम्ही फोकस कशावर करताय? ग्राउंड ग्लासवर. तिची घासलेली बाजू लेन्सकडे असते, तिच्यापुढेही काच नसते. दोन्हीकडे सारखीच परिस्थिती, फोकस आपोआप बरोबर येतो. अडचण फक्त त्यांना येते जे लेन्सच्या रिंगवरचं अंतर वाचून फोकस करतात, त्यांनी फिल्मसाठी त्या मार्कांवर भरवसा ठेवू नये.

उरतं ते करेक्शनचं. काच धरून डिझाइन केलेल्या लेन्समधून काच काढली तर थोडं स्फेरिकल ॲबरेशन आणि कडेला थोडं ॲस्टिग्मॅटिझम उरतं (दोन्हीने चित्र जरा मऊ होतं). एफ ५.६ ला सुद्धा मधल्या भागात हा परिणाम मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका आहे, एफ ११ ला तर तो शोधूनही सापडत नाही. अगदी वाइड लेन्स, २३, २८, ३२, पूर्ण शिफ्ट केलेल्या, तिथे कोपऱ्यात किरण खूप तिरके येत असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसेल. ७० एमएमला विसरून जा.

उलट वाइड लेन्सच्या बाबतीत फिल्मवाल्यांसाठी एक चांगली बातमी आहे. सेन्सरला तिरके किरण झेपत नाहीत, कडेला रंगाची झाक येते, म्हणून डिजिटलसाठीच्या वाइड लेन्स रेट्रोफोकस (मागची काच सेन्सरपासून लांब ठेवणाऱ्या, म्हणजे किरण कमी तिरके पडतात) बनवायला लागल्या. फिल्मला तिरक्या किरणांनी रंग चढत नाही. त्यामुळे डिजिटलवाल्यांनी सोडलेल्या सुपर-अँग्युलॉन, ग्रँडागॉन या जुन्या सिमेट्रिकल वाइड लेन्स तुमच्यासाठी उत्तम आहेत, सर्कल भरपूर, डिस्टॉर्शन जवळजवळ नाही, फक्त कडेला अंधार येतो म्हणून स्लाइड फिल्मवर सेंटर फिल्टर (मध्ये गडद असलेला) लावावा लागतो. रेट्रोफोकस डिजिटल लेन्समध्ये तो अंधार कमी असतो, स्लाइड काढणाऱ्याला ते सोयीचं, पण सरळ रेषांना थोडा बाक येतो जो डिजिटलवाले सॉफ्टवेअरमध्ये सरळ करतात आणि एन्लार्जरखाली तुम्हाला करता येत नाही. इमारती काढत असाल तर याचा नीट विचार करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फिल्मचा सपाटपणा. डिजिटल लेन्सचा फायदा एफ ८-११ ला आहे हे वर आलंच, आणि तिथेच फिल्म तुम्हाला दगा देते. ०.०३ मिमीचा ठिपका शार्प मानला तर एफ २२ ला फिल्म ०.६६ मिमी पुढे-मागे असली तरी चालतं, एफ ८ ला फक्त ०.२४. आणि ४×५ होल्डरचं अमेरिकन स्टँडर्ड काय म्हणतं? खोली ०.१९७ इंच, अधिक-उणे ०.००७ इंच. हे अधिक-उणे म्हणजे ०.१८ मिमी. म्हणजे नियमात बसणारा नवाकोरा होल्डरच तुमची तीन चतुर्थांश सूट खाऊन बसला, अजून फिल्म फुगलेली नाही, ग्राउंड ग्लास हललेली नाही, तुमच्या डोळ्याची चूक धरलेली नाही.

कोकणात एका जुन्या घराचा दरवाजा काढत होतो, पावसाळा नुकताच संपलेला, दुपारी उकाडा. ४×५ होल्डर गाडीत एसीमध्ये ठेवलेले, काढले आणि लगेच लावले. मोठ्या सर्कलची एक डिजिटल लेन्स होती, जवळच्या अंतरावर तिचं सर्कल जेमतेम पुरत होतं, दरवाजा समोरासमोर सपाट, म्हटलं एफ ८ लाच काढू, लेन्सचं जे काही उत्तम आहे ते मिळेल. एक्स्पोजर ४० सेकंद. फिल्म धुऊन आली, लाइट टेबलावर लूप (भिंग) लावला, तर वर गणेशपट्टीवरची सोंडेची वळी न् वळी स्वच्छ, खाली उंबऱ्यावरच्या रांगोळीचे कण दिसतायत, आणि बरोबर मध्यावरचा कडी-कोयंडा मऊ. फोकस मी त्या कोयंड्यावरच केला होता. थंड कोरडी फिल्म दमट गरम हवेत आली, ओल पिऊन फुगली आणि मध्ये पोट आलं. त्याच दिवशी जुन्या सवयीने एफ २२ ला काढलेली दुसरी शीट होती, ती सगळीकडे सारखी शार्प. त्या दिवसापासून होल्डर फोटोच्या जागी बाहेर काढून निदान अर्धा तास ठेवतो, लावण्याआधी तळहातावर हलकेच आपटून फिल्म खाली बसवतो, डार्क स्लाइड (होल्डरचं सरकतं झाकण) काढल्यावर मिनिटभर थांबतो आणि मगच शटर.

रोल फिल्मला हा त्रास कमी पण आहे. बॅकमध्ये फिल्म रोलरवरून वळते, रात्रभर तशीच राहिली तर तिथे बाक बसतो आणि पुढची फ्रेम तिथे उचलली जाते. फोटो काढून झाल्यावर वाइंड करून ठेवू नका, पुढच्या फोटोच्या अगदी आधी वाइंड करा. एवढ्याने खूप फरक पडतो.

आणि ग्राउंड ग्लास एकदा तपासून घ्या. जुनी फिल्म होल्डरमध्ये भरून डेप्थ गेजने पाच ठिकाणी मोजा, मग ग्राउंड ग्लासची खोली मोजा, दोन्ही जुळली पाहिजेत. कोणी मागाहून फ्रेनेल (चित्र उजळ दिसावं म्हणून लावतात ती चपटी लेन्स) काचेच्या लेन्सकडच्या बाजूला घातली असेल तर तेच बादलीतलं नाणं परत आलं, दीड मिमीची फ्रेनेल अर्धा मिमी फोकस हलवते. एफ २२ ला हे कोणाच्या लक्षात येत नाही, एफ ८ ला प्रत्येक फोटो जातो आणि लोक लेन्सला दोष देतात.

तर तुमच्यासाठी, तुमचं काम मुख्यतः ४×५ वर असेल तर ही ७० एमएम घेऊ नका, त्या पैशात एक चांगली ९० आणि एक १५० येईल आणि दोन्हीला मूव्हमेंट्स पोटभर. ६×७ वर खरंच काम करणार असाल, स्लाइड किंवा बारीक दाण्याची ब्लॅक अँड व्हाइट वापरणार असाल, एफ ११ ला थांबायची तयारी असेल, तर ती घ्या, फिल्मवर यापेक्षा स्वच्छ चित्र मी फार कमी लेन्सचं पाहिलंय. पानांच्या कडांना उन्हात जी जांभळी किनार येते ती यात जवळजवळ नसते.

पण पैसे देण्याआधी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा, ती लेन्स कशात बसवलेली आहे. डिजिटलवाल्यांकडून येणाऱ्या कित्येक लेन्सना शटरच नसतं, नुसतं ॲपर्चर असतं, कारण त्यांचं शटर बॅकमध्ये असतं. काहींना इलेक्ट्रॉनिक शटर असतं जे वेगळ्या कंट्रोलशिवाय आणि पॉवरशिवाय उघडत नाही. काही एखाद्या टेक्निकल कॅमेऱ्याच्या फोकसिंग माउंटमध्ये कायमच्या बसवलेल्या असतात, तुमच्या लेन्सबोर्डवर त्या चढणारच नाहीत. तुम्हाला हवी ती मेकॅनिकल कोपाल ० शटरमधली. कोपालने ही शटर बनवणं बंद केलंय, त्यामुळे नुसते लेन्सचे भाग घेऊन नंतर शटर शोधू असं ठरवलंत तर शटरचा खर्च आणि ते नीट बसवून घ्यायचं काम वेगळं धरा. विकणाऱ्याला सांगा की एक सेकंदाला शटर चालवून व्हिडिओ पाठवा, पाती पूर्ण उघडून नीट बंद होतात का ते त्यात कळेल. आणि शक्य असेल तर तुमची ६×७ ची बॅक आणि एक रोल घेऊन थेट त्या स्टुडिओतच जा, चार फ्रेम काढा, धुऊन बघा, मग ठरवा.